नावदुरुस्तीचा अर्ज

पार्क मैदानाच्या पायऱ्यांखाली आमचं ऑफिस.
एक टेबल, एक पंखा, आणि माझ्या ताब्यातली
खेळाडू नोंदणीची सात रजिस्टरं.
त्यातल्या पाचांत तो आहे.

पहिल्यांदा चौऱ्याण्णव साली: मल्लेशम बिंगी, लेफ्ट बॅक,
राहणार साखर पेठ, धंदा टॉवेल कारखाना, रात्रपाळी.
पुढच्या वर्षी मल्लेश. मग एम. एन. बिंगी.
एका क्लबच्या सेक्रेटरीनं मल्लप्पा भिंगे लिहिलं,
यानं तशीच सही ठोकली.
क्लब बदलले, शाई बदलली,
पाठीवरचा तीन नंबर तेवढा राहिला,
तोही दर मोसमात बायकोनं नव्यानं शिवलेला.

चांगला होता का?
पळायचा.
मार्चच्या उन्हात, दुपारी साडेतीनला,
पडलं की गुडघ्याचं सालपट मैदानच ठेवून घेतं
असल्या मातीवर पळायचा.
दमला की तेलुगूत शिव्या द्यायचा,
रेफरीला कळू नयेत म्हणून.
रेफरी वडनाल. त्याला सगळ्या कळायच्या.

मिरजेचा क्लब प्रवासखर्च द्यायचा, गेला.
गुलबर्ग्याचा नुसतं जेवण द्यायचा, तिथंही गेला.
हुबळीहून येताना एकदा गाडी चुकली,
होटगी जंक्शनवर रात्र काढली बुटांची उशी करून
आणि उतरला तो थेट मागावर.
हजार विड्या वळून बायकोला जे मिळायचं
त्याहून कमी याला नव्वद मिनिटांचं.
हिशोब तिनंच सांगितला होता मला.
रागानं नव्हे, हिशोब म्हणून.

बावीस मोसम. गोल एक.
तोही त्याच्या नावावर नाही.

गडहिंग्लजला, उपांत्य सामन्यात.
याच्यावर कार्डांची बंदी, आणि संघाकडे
डावीकडे उभं करायला दुसरा माणूस नाही.
मॅनेजरनं इस्माईल नदाफचं ओळखपत्र हातात दिलं:
फोटो पुसट आहे, मान खाली घालून जा.
चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरचा बॉल उडून बाहेर आला
आणि याच्या उजव्या, नको त्या पायाला लागला.
पेपरात दोन ओळी. विजयी गोल, इ. नदाफ.

गुडघा संपला त्या वर्षी तो माझ्याकडे आला,
रेघांच्या कागदावर अर्ज घेऊन.
नाव दुरुस्त करून मिळावे, ही विनंती.
म्हटलं, खोट्या कार्डावर खेळलो हे लिहून देतोस?
म्हणाला, देतो की. आता कुठली बंदी घालणार?
म्हटलं, मग नदाफची ना हरकत आण.

विजापूर वेशीत नदाफचं पंक्चरचं दुकान.
आठ दिवसांनी आला, बाकावर बसला, खाली बघत सांगू लागला:

कॉम्प्रेसरच्या वर फ्रेम आहे. त्यात त्या दोन ओळी.
सगळ्या दुकानात काच तेवढी स्वच्छ.
धाकटं पोरगं मला दाखवतंय, हा आमच्या अब्बूंनी मारलेला.
इस्माईलनं लगेच नाही बघितलं माझ्याकडे.
ट्यूब पाण्यात बुडवली,
बुडबुडे कुठून येतात ते शोधलं,
तिथं बोट ठेवलं, मग बघितलं.

तू काय म्हणालास?

म्हणालो, व्हय की, मी होतो तिथं.
उजव्या पायानं मारला तुझ्या बापानं.

सायकल पंक्चर नव्हती,
तरी नदाफनं दोन्ही चाकांत हवा भरून दिली म्हणे.
एवढी, की घरापर्यंत दगड न् दगड लागला.

अर्ज मी परत दिला नाही. सातव्या रजिस्टरात आहे.
सगळ्या कागदांत तेवढ्यावरच त्यानं स्वतःच्या हातानं
पूर्ण नाव लिहिलंय, मल्लेशम नरसय्या बिंगी,
आणि खाली, सवयीनं,
सही मल्लप्पा भिंगे.